कापडाखाली दोंदे

पहाटे पावणेपाच. विल्होळीच्या मागचा माळ.
पारा सात अंशांवर,
आणि नमुना क्रमांक सतरा खांद्यावर टाकून
दोंदे एकटाच पुढे निघालाय, स्वेटरवर स्वेटर चढवून.

आठशे मीटरवर मी. तिपाईवर कॅमेरा.
त्याला रंग कळत नाहीत.
हिरवं की मातकट, यावर कारखान्यात
महिनाभर भांडलो, ते सगळं त्याच्यापुढे वाया.
ऊब तेवढी दिसते. जितकी ऊब, तितकं पांढरं.

लांबच्या द्राक्षबागांतल्या शेकोट्या दिसतात,
हायवेवरच्या ट्रकांची बॉनेटं,
एक टिटवी, मिठाच्या खड्याएवढी,
आणि दोंदे, हात चोळत चाललेला,
जवळ ओढून पाहिला तर नाकाचा शेंडा काळा.

"शिरलो बघा," वॉकीटॉकीत आवाज,
आणि माळावरून माणूस पुसला गेला.

रकान्यात लिहिते: आठशे, नाही. सहाशे, नाही.
तिपाई उचलून पुढे. चारशे, नाही.
कापड दगडाइतकं थंड,
आणि दगडासारखंच तोंड मिटून बसलेलं.

"दिसतोय का?"
"नाही."
"आता? हात हलवतोय."
"नाही रे."
मग नुसती खरखर. मग:
"मॅडम, ताप आहे मला कालपासून. एकशे दोन."
"मग आलास कशाला?"
"म्हटलं, तापात पास झालं तर पक्कं पास."

हसले मी. आणि पुन्हा पडदा धुंडाळू लागले,
या वेळी कामासाठी नव्हे.
दोनशे मीटर. काही नाही.
प्रत्येक शिवण मीच तपासलेली,
तरी वाटलं, एखादी उसवलेली निघावी,
तिळाएवढा का होईना, दोंदे दिसावा.

साडेपाचला तो बाहेर आला, पांढराफटक,
माळावरच्या सगळ्या शेकोट्यांहून जवळ.
कापडाची घडी घातली
तर खाली जमिनीवर अजून एक दोंदे आडवा:
कोपराचा ठिपका, कुशीची रेघ,
डोकं होतं तिथं जरा जास्तच उजळ.
घड्याळ लावलं. चार मिनिटं दहा सेकंद.
मग तोही विझला.
याला फॉर्मवर रकाना नाही.
मी समासात लिहिलं, आणि खोडलं नाही.

टेम्पोत थर्मासमधला चहा त्याला दिला.
काचेला डोकं टेकून तो झोपला.
त्र्यंबक रोडवरचं मेडिकल उघडायला
अजून तीन तास.