छाट

विडी घरकुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर महापालिकेची शाळा.
खोली सहा. पंखा एक, टॅब बावीस.
टॅब फुकट आले. त्या दिवशी हार, नारळ,
आणि पाहुण्यांच्या खांद्यावर आपल्याच गावची चादर.

संमतीपत्र चार पानांचं, बारीक अक्षरांत.
मी ते वाचलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते.
शनिवारच्या आत पाठवायचं होतं,
आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी येणार म्हणून
सगळ्या आयांना घराची घाई.
मी बोट दाखवत गेले: इथं. इथं. आणि इथं.
अंबूबाई येलगेटींचा अंगठा
पानं वळून वळून इतका झिजलेला
की शाईतही रेषा उमटेनात.
कागदावर नुसता एक निळा ठिपका.
चालेल, म्हणाले.

पोरं शिकली. खोटं कशाला बोलू.
अखिला तर हिरवी खूण आली की बाकावर उडी मारायची.
फक्त अपूर्णांकाशी अडायची.
तीन सप्तमांश की दोन पंचमांश, मोठं कोण?
चुकायची, परत चुकायची,
टॅब म्हणायचा, छान प्रयत्न!
मी इतक्या वेळा म्हणाले नसते.

गड्डा उठला त्या आठवड्यात अंबूबाई आल्या,
चपला दाराबाहेर, काखेत रिकामी टोपली.
"बाई, कोण की एक पोरगी फोनवर बोलायलालती.
लई गोड. पुण्याची का दिल्लीची, काय की.
म्हणली, तुमची अखिला अपूर्णांकात कच्ची हाय,
रात्री दहानंतर बसती, लवकर दमती,
म्हैन्याला नऊशे भरा, क्लास लावू.
मी तर कुणालाच बोलले नाही. हिच्या अप्पालाबी नाही.
तुमी सांगितलाव का?"

मी नाही म्हणाले.
म्हणताना ती चार पानं आठवली.

दहानंतरच का, ते त्या गोड पोरीला ठाऊक नव्हतं.
दहापर्यंत अखिला आईच्या विड्यांना दोरा बांधते.

मी समजावू लागले: माहिती, कंपनी, साठवण...
अंबूबाईंनी मधेच थांबवलं.
"म्हंजे छाट."
मला कळलं नाही.
"हजार विड्या नेल्या की चेकर शंभर बाजूला काढतो.
ही वाकडी, ही सैल. त्याचे पैसे नाहीत.
पण परतबी देत नाही, बाई. ठेवून घेतो.
त्याबी कुठंतरी विकतच असणार की."
टॅबकडे बघितलं, हात लावला नाही.
"हिचं चुकलेलंबी ठेवून घेतलं त्यांनी."

पंधरा वर्षं चुकलेल्या उत्तरांना मी लाल गोल करते आहे.
वही भरते, रद्दीत जाते,
पार्क चौकात तिच्या पानाची पुडी होते,
कुणीतरी शेंगा खातं
आणि एका पोरीची चूक चुरगाळून फेकून देतं.
तिच्यावर नाव असतं, पण वाचतो कोण?
इतकी दया कागदात होती, मला माहीत नव्हतं.

कंपनीला पत्र लिहिलं: आमच्या मुलांचं पुसून टाका.
पोच लगेच आली.
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
मोलाचा. तेवढं मात्र खरं.
दुसरं उत्तर अजून नाही.
"दिलेला अंगठा परत मिळतो का?" अंबूबाई विचारतात,
दर खेपेला, भाजीचा भाव विचारावा तसं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते.
फरशीवर अखिलानं तेंदूची कापलेली पस्तीस पानं मोजली.
सात ढीग केले, तीन उचलले: पंधरा.
सगळी पुन्हा गोळा केली,
पाच ढीग केले, दोन उचलले: चौदा.
बराच वेळ त्या एका पानाकडे बघत बसली.
"एकच पान जास्त?"
एकच.
मग ते पान आईनं उचललं, तंबाखू भरला, वळलं.

टॅबवर ती अजून कच्चीच आहे.
मी कळवलेलं नाही.