नाद करायचा नाही

असं आमच्यात छाती काढून म्हणतात.
इथं ते काचेवर चिकटवलंय, सरकारी मराठीत :
'शांतता राखा. वस्तूंना हात लावू नये.'
आणि काचेआड सगळी वाद्यंच.

नागाळा पार्कातल्या बंगल्याचा वरचा मजला.
शिरगावकर मॅडमचा फोन आला तो माझ्या नावानं नाही,
"हलगीवाले का?" म्हणाल्या.
हो म्हटलं. दौलू आवळे. मढवतो. वाजवतोसुद्धा.
"एक इराणी डफ आहे. सैल पडलाय."

इराणचा एक पोरगा म्हणे रसायनशास्त्र शिकायला आला,
बेहरूज त्याचं नाव.
दोन वर्षांसाठी आला आणि तिकडं राज्य पालटलं.
मग राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत एकतीस वर्षं,
शिकवण्या घेत, एकटाच.
मागं राहिली ही वाद्यं आणि एक किटली.
तीसुद्धा काचेत आहे, खाली 'किटली' असं लिहून.

मॅडम एकेक दाखवत गेल्या.
तार : तुतीचं लाकूड, दोन पोटांची,
वर कोकराचं कातडं इतकं पातळ
की आतला अंधार दिसतो.
कुणी मढवलं असेल? मी वाकून कडा बघितली.
चांगला हात. उजवीकडं जरा घाई केलीय.
कमांचा : मांडीवर उभी धरायची,
एका पायावर, शिक्षा झालेल्या पोरासारखी.
नै : ही दातात धरतात.
म्हटलं, दातात?
"असं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.
आणि पार कोपऱ्यात संतूर,
त्याच्या तारा मोजायला बसलो आणि चुकलो.

मग डफ.
परातीएवढा. कडेला आतून लोखंडी कड्या,
म्हशीच्या साखळीतून सुटून आल्यासारख्या.
पावसाळ्याची ओल लागून पोट सुटलेलं.
बोट मारलं तर गुबगुबीत. उत्तर नाही.

म्हटलं, थोडं गवत पेटवा, नाहीतर पेपर.
शेकला की येतो.
मॅडम पांढऱ्याफटक पडल्या.
रखवालदार बादली शोधायला लागला.
शेवटी घरून केस वाळवायचं मशीन आणवलं.
खासबागेच्या मैदानात हलग्या शेकत माझं आयुष्य गेलं,
पण इतका लाड मी कुठल्या कातड्याचा केला नव्हता.

उलटा धरून शेकताना आत दिसलं,
लाकडावर, पेन्सिलीनं,
पहिलीतल्या पोरानं काढावं तसं, रेघ सुटलेली :
'रात्री हळू'.

मॅडमनी चष्मा पुसून परत बघितलं.
यादीत याची नोंद नव्हती.
घरमालकीण बोलली असेल. बोलणारच,
भिंतीला भिंत, पहाटे उठून तिला दूध घालायचं असेल.
त्यानं तिचं बोलणं तिच्याच अक्षरात
अंगठ्याखाली येईल असं लिहून ठेवलं.
एकतीस वर्षं माणूस हळू वाजवतो
म्हणजे त्याच्या हाताचं काय होतं, मला सांगता येणार नाही.
मी कधी हळू वाजवलेलंच नाही.
हळू वाजवली तर खाली पडलेला पैलवान उठत नाही.

कातडं आलं.
वाजवून बघावं लागतं, म्हटलं, त्याशिवाय कळत नाही.
रखवालदारानं मॅडमकडं बघितलं, मॅडमनी पाटीकडं.
मग त्यांनीच उठून खिडकी लावून घेतली.

एक थाप दिली.
कड्या सगळ्या एकदम बोलल्या.
मी पंजा दाबून आवाज बंद केला,
तरी खोलीत काहीतरी चालूच राहिलं,
बारीक, माशीएवढं.
आम्ही तिघं इकडंतिकडं बघतोय.
कोपऱ्यात, काचेआड, संतूर.
त्याला कुणी हात लावला नव्हता.

बिलावर लिहिलं : डफ शेकणे, एक.

घरी शेवंतानं विचारलं, "काय हुतं तितं?"
डफ, म्हटलं.
"डफच की. त्येच्यासाठनं आंघोळ करून गेलासा?"
मग भाकरी थापता थापता, पाठ तशीच ठेवून :
"आन मोठ्यानं वाजीवलासा का न्हाई?"

एकदाच, म्हटलं.
दुपार होती.