हेमांगीला, दोन दिवसांसाठी

लिस्बनचा व्हिसा नाकारला
म्हणून तू पणजीला निघालीस.
शनिवार, रविवार. आणि विचारतेस,
काका, खायचं कुठे, प्यायचं कुठे?

काका अकरा वर्षं तिथे भूमापन खात्यात होता.
त्या गल्ल्या त्याने साखळीने मोजल्या दिवसा,
आणि रात्री पायांनी, अंदाजाने.

फोंताइनेसच्या पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे फोटो काढ,
ऑफिसातले फसतील.
जेवायला मात्र तिथे बसू नकोस.
मेनूवर माशाचं चित्र असेल
तर मासा चित्रातच ताजा.

पहाटे पोदेराचा भोंपू वाजेल. आहेस तशी खाली ये.
कोंडा लागलेली गरम पोई घे,
पिशवी मागू नकोस, ओढणीत धर.
मग मळ्यात, तळ्याच्या अंगाला, लांब बाकांचं हॉटेल आहे.
(होतं. आता असेल असं धरून चालू.)
'पातळ' एवढंच म्हण, भाजी येते.
बन्स चहात बुडव.
शेजारी कोर्टातला कारकून बसलेला असेल,
कालची लॉटरी आणि आजचा पेपर
एकाच घडीत धरून.

एक ते चार शहर झोपतं,
त्याच्याशी हुज्जत घालू नकोस.
एकच्या आत शणय मामींकडे पोच.
काय हवं ते मामी विचारत नाहीत,
किती माणसं ते विचारतात.
तू म्हण, एकटी.
त्या 'एकटीच?' असं परत विचारणार नाहीत.
हुमण, किसमूर, वर सोलकढी,
आणि भात, तू पुरे म्हटल्यावर आणखी एक डाव.

संध्याकाळी रॉस आम्लेटच्या गाड्यावर उभी राहा,
कांदा जास्त माग,
रस सांडलाच पाहिजे बोटांवरून.

आता पिण्याचं.
फेरीबोटीने पलीकडे बेतीला जा,
पायी माणसाला तिकीट नाही.
चढावर तिसऱ्या वळणाला
निळ्या अर्ध्या दारांचं एक दुकान, पाटी नाही.
मिंगेल.
एप्रिल आहे, उर्राक असेल.
लिंबू, मीठ, एक उभी चिरलेली मिरची.
पीत नसशील तर सोडा माग,
तो त्याच ग्लासात आणील, त्याच आदराने.

त्याच्याकडे एक वही आहे, लाल कापडाच्या पाठीची.
तीत मी असेन. नावाने नाही,
'साखळीवालो' म्हणून.
दोनशे चाळीस रुपये.

पैसे नव्हते असं नाही.
त्याच्या शेजाऱ्याने अर्ज केला होता,
मोजणीला मलाच पाठवलं.
मिंगेलची परसातली भिंत
दीड मीटर पलीकडे निघाली.
मी दोनदा मोजलं.
तिसऱ्यांदा मोजताना तो फणसाखाली उभा होता
माझी साखळी धरून, तिचं दुसरं टोक,
कारण शिपाई त्या दिवशी आला नव्हता.
ताणून धर, मी म्हटलं.
त्याने ताणून धरली.

माप खरं होतं, हेमांगी.
नकाशावर माझी सही आहे.
त्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखा ग्लास ठेवला,
वहीत लिहिलं,
आणि मी परत कधी फेरीबोटीत बसलो नाही.

पैसे दे. कोणाकडून ते सांगू नकोस,
त्याला कळेल, किंवा त्याच्या मुलाला वही कळेल.
उठताना मागच्या दारातून एकदा बघ,
फणस आहे का अजून,
आणि भिंत त्याच्या अलीकडे आहे
की पलीकडे.
मला फोनवर सांगू नकोस. आलीस की सांग.

रविवारचं राहिलं. चर्च सुटल्यावर चोरीस पाव खा,
पाठोपाठ थंड काही पिऊ नकोस.

बेबिंका आणू नकोस, डॉक्टर ओरडतात.
आणलीसच तर सात थरांची आण.
मोजून घेईन.