शेजारची बरणी

टोमॅटोची दोन रोपं, दोन बरण्यांत.
एकीत अळी सोडली आहे.
मंगळ बाजारातून आणलेला
माशांच्या टाकीचा पंप
कुरतडल्या पानांवरची हवा
दुसरीत ढकलतो आहे, घुर्र घुर्र.

दिवा मालवून थांबायचं, एवढंच माझं काम.
मॅडम म्हणतात, घड्याळ बघत राहा, शितोळेबाई.

नाक नाही त्याला.
पानाच्या पाठीला बारीक ओठ,
त्यांतून आत जातं ते,
आपल्याला जे नुसतं
कापलेल्या गवतासारखं वाटतं.
मग पडद्यावर हिरवट उजेड
शिरेशिरेतून सरकत जातो
न चावलेल्या पानाच्या.

हाक मारली का पहिल्यानं? मी विचारलं.
छे, म्हणाल्या. जखमेतून वास गळतो.
शेजारचं ऐकतं, आणि
स्वतःला कडू करून घेतं.

स्वतःला.

रावपुऱ्यात आमच्या डक्टमधून
वरच्या मजल्यावरचं आयोडेक्स खाली येतं,
महिन्यातून दोनदा, रात्री अकरानंतर.
क्षीरसागरांची नवी सून.
जिन्यात भेटली की
'केम छो, काकू' म्हणते, बाही खाली ओढत.
आणि मी, तिसऱ्या खेपेपासून,
वास आला की
न्हाणीची झडप लावून घेते.

पंप बंद केला.
पान विझायला बराच वेळ लागला.
वहीत वेळ लिहिली, सही केली,
मग बोटं हुंगली.
टोमॅटोचा हा हिरवा वास
साबणानं जात नाही.
डब्यातल्या पोळीलाही लागला होता.