कानातली वात

मालगावच्या विहिरीत जुनैदला पोहायला शिकवलं, मे महिनाभर.
त्याच्या पाठीला डबा, माझ्या हातात दोर,
आणि तो बुडतोय असं वाटलं की त्याच्याआधी मीच आत.
नातू शिकला.
पाणी माझ्या उजव्या कानात राहिलं.

आधी नुसती खाज. मी काडीपेटीतली काडी घातली,
गुलाची बाजू आत, सगळे घालतात तशी.
मग लसूण कढवलेलं तेल, मेव्हणीच्या हातचं.
तिसऱ्या रात्री कान उशीला लागला
आणि मी उठून बसलो.
पाळीला बोट लावलं तरी दाढेपर्यंत कळ.

दुकानात तानपुरा चार दिवस पडून,
धारवाडच्या गिऱ्हाइकाचे फोनवर फोन.
घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो,
ऐकू येतं ते रजईखालून.
जवारी खुलली का, कुणाला विचारू?
मुश्ताक म्हणाला, खुलली, अब्बा.
त्याचं सगळंच खुललेलं असतं.

मिरजेत स्टेशन रोडला, दुसऱ्या मजल्यावर कुंभोजकर बाई.
त्यांनी एक पोलादी चिमटा कोपरावर आपटला,
दांडा माझ्या कपाळावर टेकवला.
"कुठल्या बाजूला मोठं ऐकू येतं?"
उजव्या. दुखऱ्याच.
मला वाटलं, चुकलो. पुन्हा ऐकलं. उजव्याच.
"बरोबर," म्हणाल्या, "नस शाबूत आहे. दार बंद झालंय."
मी म्हटलं, बाई, तुमचा चिमटा पांढरी एकचा,
पण जरा उतरलाय.
"घासून देता?"
देतो की. सुरात येईल,
मग तुमचं निदान बेसूर व्हायचं.

त्यांनी आतली घाण पुसून काढली,
माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं नाहीसं केलं,
आणि सुजलेल्या वाटेत कापडाची बारीक वात सरकवली.
वातीवर औषधाचे थेंब.
मी तारेखाली सूत सरकवतो, अगदी तसं:
दोन बोटं, श्वास रोखून, थोडं मागे, केसभर पुढे,
आणि नेमक्या जागी हात काढून घ्यायचा.
बाई, तुम्ही कुणाकडे शिकलात,
असं विचारणार होतो. राहिलं.

"काडी नाही, तेल नाही, दहा दिवस विहीर नाही.
आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस.
कान स्वतःला साफ करतो, तुम्ही मध्ये पडू नका."

तिसऱ्या दिवशी सूज उतरली, वात आपसूक सैल झाली.
दुकानात येऊन पहिली तार छेडली.
मुश्ताक म्हणाला होता तशी
जवारी खरंच खुलली होती.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

अकराव्या दिवशी पुन्हा मालगाव.
वर आलो की जुनैद आणि मी बांधावर,
एका पायावर, मान वाकडी, पाळी मागे ओढून,
टुणटुण उड्या मारतो.
मोटर बघायला आलेली मळ्यातली बाई
पदर तोंडाला लावते.
कोमट थेंब गालावर ओघळतो
आणि लांबचा पंप
एकदम शेजारी येऊन उभा राहतो.