ब्याऐंशी पूर्णांक चार

सूरच्या मागच्या टेकडीवर, टॉवरच्या पत्र्याच्या खोलीत,
जून महिना. बाहेर सत्तेचाळीस,
आत चोवीस, म्हणजे कागदावर चोवीस.
एसी अकरा मिनिटं धापा टाकतो,
अकरा मिनिटं गप्प बसतो,
आणि आलेखावर तीच धाप उमटते,
वर, खाली, वर, खाली,
अब्जात तीन.

अब्जात तीन म्हणजे काहीच नाही,
असं माझी बहीण तहमीना म्हणाली असती.
ती हर्णैला मासळी तोलते,
गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर मूठभर जास्तच जातं.
पण सेकंदाला एक कोटी हेलकावे मोजायचे
तर मूठभर चालत नाही.

मस्कतहून निरोप आला : दुसरा एसी बसवा.
साजीमोननं जागा मापली,
भिंतीवर खडूनं चौकोन काढला.
मी म्हटलं, थांब.
थंडीनं हा सुधारायचा नाही.
याला बाहेरच्या कुठल्याही उन्हाहून
जास्त ऊन घरातच लागतं,
मग बाहेरचं ऊन दारापर्यंत येतं
आणि परत जातं.

डबीत पेराएवढी भट्टी. भट्टीत
नखाएवढी गारगोटीची चकती,
दोन बारीक तारांवर तोललेली,
सतत थरथरणारी.
कारखान्याच्या चिठ्ठीवर पंच्याऐंशी अंश.
चिठ्ठी लिहिताना चकतीला कुणी विचारलं नव्हतं.

रुबिडियमचं घड्याळ उसनं आणलं,
मागच्या सीटवर, पट्टा लावून, लेकरासारखं.
मग अर्धा अर्धा अंश.
अर्धा चढवायचा, तासभर थांबायचं, मोजायचं.
एक्याऐंशीला आकडा वर जात होता.
साडेएक्याऐंशीला जरा कमी.
ब्याऐंशीला दमल्यासारखा.
त्र्याऐंशीला उतरणीला लागलेला.
मधे कुठंतरी माथा होता,
आणि माथ्यावर उतार नसतो,
पाय थोडा इकडंतिकडं पडला
तरी उंची तीच.
पहाटे साडेतीनला सापडला : ब्याऐंशी पूर्णांक चार.
घरी पाच वाजले असतील,
तहमीना बर्फ फोडत असेल.

राहिली धाप.
खाली किनाऱ्यावर, गलबतं बांधतात तिथं,
सुलेमान बिन खमीस फळ्यांच्या फटींत
तेलात भिजवलेला कापूस ठोकत बसतो.
त्याच्याकडं कोरडा कापूस मागितला.
कशाला? पाणी आत येतंय?
म्हटलं, वारा येतोय. थंड.
तो इतका हसला की हातोडी खाली ठेवली.
गाठोडं दिलं, पैसे घेतले नाहीत.
वर म्हणाला, फार दाबू नकोस,
दाबलेला कापूस कुणाचंच ऐकत नाही.

डबीभोवती कापूस,
कापसाभोवती ॲल्युमिनियमची दुसरी पेटी,
तिलाही तिची साठ अंशांची आच,
निजताना चुलीतला निखारा
राखेखाली लोटावा तशी.
थर्मिस्टरचा मणी पूर्वी लांब, डबीच्या भिंतीला होता.
तो चकतीच्या अगदी कुशीत नेला.
दुखतं तिथंच हात हवा.

तीन दिवस आलेख उघडला नाही.
चौथ्या दिवशी एसी धापा टाकतच होता,
रेघेला त्याची खबर नव्हती.
साजीमोननं भिंतीवरचा चौकोन बाहीनं पुसला,
एक कोपरा अजून दिसतो.

रात्री तहमीनाचा फोन. तिकडं किती गरम रे?
ब्याऐंशी पूर्णांक चार.
वेड लागलंय तुला, म्हणाली,
पाणी पीत जा.

वहीत एवढंच लिहिलं :
धाप गेली. अब्जात पाव उरलं.
स्फटिकाचं वय होतंय,
रोज किंचित सरकतो,
त्यात आचेचा दोष नाही.
खाली तारीख, सही. मुकादम.
पुढची तपासणी थंडीत.