आटे

केसपेपरवर नाव: गोपाळ धोंडू तोरस्कर, वय एकाहत्तर.
धंद्याच्या रकान्यात क्लार्कने लिहिलं, निवृत्त.
बाबांनी तिथे बोट ठेवलं. चावीवाला, लिहा.
किल्ल्या बनवता?
नाही. पाणी सोडतो.
सोडायचे, मी म्हणाले,
आणि मागून कुणीतरी आम्हाला पुढे ढकललं.

पार्कसाईटच्या टेकडीला आमच्या दारापर्यंत एकशे चौदा पायऱ्या.
गेल्या दिवाळीपासून
एकतिसाव्या पायरीवर त्यांना
इस्त्रीवाल्याच्या मुलाची बारावी आठवायला लागली.
चोपन्नाव्या पायरीवर
कुणाच्या तरी नळाचा जोड बघायचा असायचा.
मला वाटलं, म्हातारपणी बोलके झाले.
छातीवर हात कधी ठेवला नाही.
पाइपावर ठेवायचे, आणि उभे राहायचे.

डॉक्टर बिराजदार, लातूरकडची,
डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण.
केसपेपरच्या पाठीवर तिने हृदय काढलं, वांग्यासारखं.
वर एक नळी, नळीच्या तोंडाशी तीन पाकळ्या.
ही झडप, आजोबा.
तीन चौरस सेंटिमीटर तरी उघडायला हवी,
तुमची उघडते पाऊण.
चुना बसलाय. मागे प्रेशर वाढतं,
ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होते.

प्रेशर हा शब्द आमच्या घरातला,
मिठाच्या बरणीशेजारचा.
बाबांनी तिचं पेन मागून घेतलं,
चित्रातला एक बाण जरा सरळ केला
आणि विचारलं,
किती आटे?

किती आटे म्हणजे,
अठ्ठावीस वर्षं पहाटे पावणेचारला
रस्त्यातलं झाकण सरकवून, लांब दांड्याची चावी उतरवून
बावीस आटे उघडायचे,
पहिले पाच तर देवाचं दार उघडावं तसे.
घाई केली की लाईन आतून हाणते,
जुना बिडाचा पाइप फुटतो.
पावणेसातला बावीस बंद.
आमचं घर सगळ्यात वर.
पाणी पोचायचं शेवटी, करंगळीएवढं,
आई हंड्याला टेकून डुलक्या घ्यायची.
तेविसावा आटा त्यांनी कधी दिला नाही.
त्यासाठी मी त्यांच्याशी
सबंध एक मे महिना बोलले नव्हते.

तिने स्टेथोस्कोप उचलला तसे ते सावरून बसले.
हे काम त्यांच्या ओळखीचं.
गळती शोधायच्या रात्री,
एलबीएस रोडवर दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत
सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं कानामागच्या हाडावर,
आणि तोंड उघडं, लहान मुलासारखं.
मला द्या एकदा, ते म्हणाले.
तिने दिला.
दाराशी साठेक माणसं, एक मूल रडतंय,
कंपाउंडर नंबर पुकारतोय,
आणि माझे वडील डोळे मिटून
स्वतःच्या बरगडीवर वाकलेले.

बराच वेळ.
मग म्हणाले, गळती नाही.
तोंड बारीक झालंय. खरखरतंय.
डॉक्टरने इंग्रजीत काहीतरी लिहिलं,
मला वाटतं तेच लिहिलं.

नवी झडप बैलाच्या पडद्याची, दहा-बारा वर्षं चालते.
पुरे, ते म्हणाले,
खात्याच्या तर पाचही चालत नव्हत्या.
पैशांसाठी तीन ट्रस्टांचे फॉर्म,
दोन ठिकाणी रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट निघाली म्हणून परत.
तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली.
तोवर चढ-उतार बंद.
ते वरच अडकलेत, सगळ्यात वर,
जिथे पाणी शेवटी येतं.

आज पहाटे नळाने आधी हवा सोडली,
मग एकदम धाडकन पाणी.
अंधारातून आवाज आला, नवा पोरगा घाई करतोय.
थोडं थांबून, धाप टाकत:
सांग त्याला.
मी हंडा लावला आणि त्यांच्या अंगावरची चादर बघत
वर-खाली, वर-खाली मोजत बसले.
एकोणिसाव्याला शेजारच्या रुक्साना भाभीने हाक मारली,
अगं, वाहतंय ना!
मोजणी राहिली.